गुरुवारपर्यंत आक्षेप नसल्यास

आमच्या घरात गुरुवारी संध्याकाळी सगळं मंजूर होतं. इथे बहरीनला शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आठवडा गुरुवारी संपतो. नवीन सोफा घ्यायचा असो, सुट्टीत कुठे जायचं असो, माझा मुलगा सलील ते आधी फळ्यावर लिहितो आणि खाली ठरलेली ओळ टाकतो: गुरुवारपर्यंत आक्षेप नसल्यास मंजूर.

फळा म्हणजे भिंतीवरचा नव्हे. ते एक ॲप आहे. सलील आणि माझी सून उल्का त्याला बोर्ड म्हणतात, मी फळा म्हणते. वाणसामान, डॉक्टरच्या तारखा, गाडी कुणी कधी न्यायची, दूध संपलंय, पाहुणे येणारेत, सगळं त्यात. माझं एक वेगळं पान आहे, ‘आई’ नावाचं. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की तिथल्या चौकोनात टिक करायची. मी घरात टिक केली की सलीलला ऑफिसात कळतं. फोनवरची अक्षरं मला बारीक दिसतात म्हणून नातवाचा, निहारचा, जुना टॅब्लेट मला दिलाय. निहार कॅनडाला शिकायला गेला. त्याची खोली मला मिळाली, टॅब्लेट मला मिळाला आणि भिंतीवरच्या पोस्टरमधला दाढीवाला गिटारवालाही मलाच मिळाला.

खरं सांगायचं तर फळा मला पहिल्या दिवसापासून आवडला. मी जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. टेबलासमोर येऊन कुणी तोंडी गाऱ्हाणं सुरू केलं की मी चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, ‘लेखी द्या.’ निम्मे लोक तिथूनच परत जायचे. उरलेल्यांचं काम मात्र व्हायचं. आल्या आल्या माझी आणि उल्काची डाळीच्या डब्यांवरून जुंपली होती, तेव्हा सलीलने हात जोडले. ‘जेवताना भांडू नका, बोर्डवर लिहा,’ म्हणाला. मी म्हटलं, उत्तम. घरात एक तरी गोष्ट शिस्तीत होतेय.

मी आले होते जानेवारीत, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर थोडा आराम करायला. जूनअखेरचं परतीचं तिकीट काढूनच आले. पुण्याला धनकवडीत माझं दोन खोल्यांचं घर आहे. गॅलरीत उभं राहिलं की खाली चौक, बसथांबा, मक्याची कणसं भाजणारी बाई. मनात आलं की पायात चप्पल घालायची आणि निघायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. त्या घराची किल्ली मी इथेही पर्समध्ये ठेवते. मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर भीती वाटली की पर्समध्ये हात घालून ती चाचपते.

इथे चप्पल घालून जायचं कुठे? आम्ही राहतो सनदला. फेब्रुवारीपर्यंत हवा छान होती. मग ऊन असं तापलं की सकाळचा चहा होईतो खिडकीच्या काचेला हात लावता येईना. खाली उतरलं तर फुटपाथ मध्येच संपतो, पुढे वाळू आणि उभ्या गाड्या. चालणारा माणूस दिसला की गाडीवाले वेग कमी करून बघतात, याला काय झालं म्हणून. सलील-उल्का सकाळी आपापल्या गाड्यांतून जातात, तो रिफायनरीकडे, ती अदलियाच्या ऑफिसात. मग मी, एसीची घरघर आणि बंद काचा. काचा उघडल्या तर गारवा जातो. उल्काने तसं फळ्यावर लिहिलं होतं: खिडक्या बंद ठेवणे. आक्षेप नव्हता, मंजूर. दिवसभर मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. मी मनात म्हणायची, जून येऊ दे.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सोमवारी माझ्या पानावर सलीलचा मजकूर आला.

‘आई: परतीचं तिकीट रद्द करून इथला रहिवासी व्हिसा काढणे. ऑपरेशननंतर एकटीने राहणं बरं नाही. इथे आपण सगळे आहोत. गुरुवारपर्यंत आक्षेप नसल्यास मंजूर.’

दोनदा वाचलं. राग आला. पण मी चांगल्या उत्तराला घाई करत नाही. आधी मनात मसुदा, मग कागद. मंगळवार मी विचारात घालवला.

त्याच मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे नवीन इंटरनेट आलं. माणूस आला, हॉलमध्ये पांढरी पेटी बसवून गेला. सलीलने नवा पासवर्ड सगळ्यांच्या फोनमध्ये घातला, माझ्याही. टीव्हीत घातला, प्रिंटरमध्ये घातला. टॅब्लेट माझ्या कपाटात साड्यांच्या घडीवर होता. तो कुणाला आठवला नाही. मलाही नाही.

हे मला आत्ता कळतंय. तेव्हा एवढंच दिसलं की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा ढग उगवलाय आणि त्यावर तिरकी रेघ मारलीय. मला वाटलं, हवामान. ढग नाही, पाऊस नाही. बहरीनमध्ये मे महिन्यात दुसरं काय असणार? बाकी फळा अगदी नेहमीसारखा चालत होता. उघडत होता, टिक होत होती, लिहिलेलं दिसत होतं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘या उपकरणावर जतन केले’ असं येत होतं. जतन झालं म्हणजे झालं. आमच्या ऑफिसात कागदावर आवकचा शिक्का पडला की तो वर पोचणार, यात कुणाला शंका नसे.

बुधवारी मी लिहिलं: ‘सदर प्रस्तावास माझा आक्षेप आहे. माझी प्रकृती आता उत्तम आहे. मला जूनमध्ये माझ्या घरी जायचं आहे. इथे मला कोंडल्यासारखं होतं. याबाबत चर्चा व्हावी, ही विनंती. मंगला.’ तीनदा वाचून पाहिलं. ‘कोंडल्यासारखं’ हा शब्द खोडावा का, असं वाटलं. राहू दिला.

गुरुवारी मी मुद्दाम सलीलच्या आवडीची भरली वांगी केली. म्हटलं, चर्चेला बसताना पोट भरलेलं असावं. तो जेवला. कामावरच्या एका पंपाची हकिकत सांगितली. उल्काने विचारलं, ‘आई, अजून एक पोळी?’ ताटं उचलली गेली, टीव्ही लागला. माझ्या आक्षेपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी म्हटलं, विचार करत असतील. पुढचा आठवडा गेला. तिकडून माझ्या पानावर एक अक्षर येईना. पूर्वी सलील सकाळी एखादं फूल टाकायचा, उल्का ‘आई, कोथिंबीर आहे का?’ विचारायची, तेही बंद. वर रोज संध्याकाळी सलील दारातून आत येता येता विचारायचा, ‘आई, गोळी घेतलीस?’ म्हणजे माझी टिकही बघायची इच्छा उरली नव्हती! मी म्हणायची, ‘घेतली.’ बाकी काही नाही.

दुसऱ्या गुरुवारी जेवण झाल्यावर उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘बरं वाटलं, आई.’ मला वाटलं, आमटीबद्दल बोलतोय. आठवड्याभराने त्याने सांगितलं की तिकीट रद्द झालं.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला तोंड नव्हतं का? होतं. चांगलं खणखणीत आहे. पण ज्याने आईचा लेखी आक्षेप वाचला आणि उत्तर द्यायची तसदी घेतली नाही, त्याच्यासमोर जाऊन तोंडी पदर पसरायचा? मी शिक्षणाधिकाऱ्यांसमोरही तसं कधी उभी राहिले नाही. अंगाचा तिळपापड होत होता, पण मी मूग गिळून बसले. पुण्यालाही फोन करणं सोडलं. जूनमध्ये येते म्हणून सगळ्यांना सांगून निघाले होते, आता कुठल्या तोंडाने बोलू?

मग मी लिहीतच सुटले. दुपारी, दोघं ऑफिसात असताना. आधी स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. त्यालाही उत्तर नाही म्हटल्यावर माझी भाषा सुटली. ‘माझ्या मुलाने मला फ्रिजमध्ये ठेवलंय, म्हणजे टिकेन.’ ‘उल्काच्या चहाला चव नाही आणि बोलण्याला त्याहून नाही.’ ‘या घरात झाडाच्या कुंडीलासुद्धा ऊन मिळतं.’ ते वाचताहेत आणि दगडासारखे गप्प आहेत, असं धरून मी आणखी टोकदार लिहायची. शेवटी एकदा लिहिलं, ‘सलील, तुझे बाबा असते तर त्यांनी तुझं तोंड पाहिलं नसतं.’ लिहून झाल्यावर मी स्वतःच घाबरले. रात्री तो काय म्हणेल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. तो आला आणि म्हणाला, ‘आई, गोळी घेतलीस?’

त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने हरले. एवढं वाचूनही ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, त्याच्यापुढे काय करायचं? व्हिसासाठी मेडिकलला नेलं, गेले. छातीचा एक्स-रे काढला, रक्त दिलं. बोटांचे ठसे घ्यायला नेलं तर माझे ठसे उमटेनात, वयाने बोटं गुळगुळीत झालीत. मशीनवरच्या मुलीने माझं बोट धरून काचेवर दाबलं. सलील मागून म्हणाला, ‘आई, जरा जोरात दाब.’ दाबलं.

मग एका शनिवारी उल्काने निहारचा गिटारवाला उतरवला आणि खोलीला फिक्का हिरवा रंग लावून घेतला. मला विचारलंही नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डासारखा रंग, असं मी त्याच दुपारी फळ्यावर लिहून टाकलं. रंगाच्या वासात झोपले आणि वाटलं, संपलं, आता आपण या खोलीतूनच जायचं.

आमच्या खाली तळमजल्यावर महमुदा राहते. रायगडमधल्या श्रीवर्धनची. तिच्या नवऱ्याचं, नझीरभाईंचं, जिदहफ्सला हार्डवेअरचं दुकान आहे. तीस वर्षं इथे काढून बाईचं मराठी अजून ताजं. लिफ्टमध्ये ओळख झाली होती. या मंगळवारी तिने मला चहाला बोलावलं. सांदणं केली होती, तांदळाची, मऊसूत. ती खाताना मी कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी सलग बोलले.

‘मंगलाताई, तुमचं पुण्याचं घर दाखवा ना,’ ती म्हणाली. ‘सारखं गॅलरी गॅलरी करता. बघू तरी कशी आहे.’

फळ्यावर ‘घर’ नावाचं एक पान होतं. जानेवारीत मीच त्यात फोटो टाकले होते, उल्काने शिकवलं होतं. मी वर जाऊन टॅब्लेट घेऊन आले. पान उघडलं तर फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन. माझं घर दिसेना. हे फोटोही काढून टाकले की काय या लोकांनी, असं वाटलं.

‘आणा इकडे,’ महमुदा म्हणाली. तिने चष्मा लावला. ‘अहो, तुमचं नेट मफी, नाहीच! हे काय, ढगावर काट मारलीय ना. थांबा, आमचं जोडून देते.’ आणि पदराला हात पुसून तिने तिचा पासवर्ड घातला.

ढगावरची रेघ गेली.

‘आलं बघा,’ ती म्हणाली.

पहिला चौकोन भरला. माझी गॅलरी, माझी वेताची खुर्ची, कठड्यावरचा कोरफडीचा डबा. मी महमुदाला बोटाने दाखवायला लागले तोवर खाली आणखी एक फोटो आला. तो मी टाकलेला नव्हता. कठडा तोच, दोरी तीच. दोरीवर बाळाची झबली वाळत होती, पिवळी, गुलाबी, ओळीने. खुर्ची नव्हती.

फोटोखाली सलीलचा मजकूर होता: ‘राजनने पाठवला. भाडेकरू एक तारखेला आले. नवरा-बायको आणि तान्हं बाळ, माणसं चांगली आहेत. आई, तुझी गॅलरी रिकामी नाही, बघून तुला बरं वाटेल.’ राजन माझा पुतण्या. आणि सलीलकडे माझं मुखत्यारपत्र आहे, यजमान गेल्यावर बँकेच्या आणि घराच्या कामांसाठी मीच करून दिलेलं. त्याच्या वर त्याने रीतसर लिहिलं होतं, मे महिन्यातलं: ‘आईचं घर अकरा महिन्यांच्या कराराने देणे. बंद घर खराब होतं. गुरुवारपर्यंत आक्षेप नसल्यास मंजूर.’

‘महमुदा,’ मी म्हटलं, ‘हा ढग म्हणजे हवामान नाही?’

‘कसलं हवामान?’ ती हसली. ‘रेघ असली की नेट नाही. तुम्ही लिहिलं तर तुमच्यापाशीच राहतं, त्यांनी लिहिलं तर त्यांच्यापाशी. नेट लागलं की सगळं एकदम जातं.’

मग माझं हसू बघून, म्हणजे नसलेलं हसू बघून, तिने विचारलं, ‘कधीपासून होती रेघ?’

 फळ्याच्या वरच्या बाजूला एक निळी पट्टी सरकत होती: बदल पाठवत आहे. आक्षेप जात होता. स्मरणपत्रं जात होती. फ्रिज जात होता, कुंडी जात होती, उल्काचा चहा जात होता. आणि त्यांच्यामागे त्याचे बाबा.

‘बंद कर!’ मी ओरडले. ‘महमुदा, बंद कर ते, तुझं नेट बंद कर!’

बिचारी धावत गेली आणि तिने भिंतीतला प्लगच उपटला. टीव्हीही गेला. पण पट्टी तोवर टोकाला पोचली होती. खाली आलं: सर्व बदल पाठवले. आणि तेवढ्यात माझ्या पानावर त्यांचं राहिलेलं येऊन बसलं होतं. नेट गेलं तरी ते तिथेच होतं. मी सोफ्यावर बसून वाचलं.

‘आई, टिक करत नाहीस. कंटाळलीस का? हरकत नाही, मी येऊन विचारत जाईन.’

‘आई, आज गुरुवार. तुझं काही आलं नाही. घाई नको, अजून एक गुरुवार थांबतो. नाही म्हणालीस तरी चालेल.’

‘हाही गुरुवार गेला. म्हणजे राहतेस. मला किती बरं वाटलं ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.’

उल्काचंही होतं. ‘आई, तुमच्या खोलीला कुठला रंग लावू?’ दोन दिवसांनी पुन्हा, ‘तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून तुमच्या पुण्याच्या घराच्या फोटोतला घेतला. तसाच मिळाला की नाही, सांगा.’

मी मघाचा फोटो पुन्हा पाहिला. वेताच्या खुर्चीमागची भिंत फिक्की हिरवी होती. पंचवीस वर्षं मी त्या भिंतीसमोर राहिले आणि इथे तिला ओळखलं नाही. मला रडू फुटलं. महमुदाला काही कळत नव्हतं, पण तिने माझा हात धरून ठेवला.

माझा फोन वाजला. सलील. मी उचलला नाही. मग उल्काचा आला. तोही नाही उचलला. मग फोन गप्प झाला. 

मी वर आले आणि हॉलमध्ये बसून राहिले. एसी घरघरत होता. दार उघडून कुठे जावं असंही वाटलं. पण जाणार कुठे? धनकवडीत माझ्या दोरीवर दुसऱ्याच्या बाळाचे कपडे वाळत होते. पर्समधली किल्ली काढून बघितली. तिचं कुलूप तरी जागेवर असेल की नाही कुणास ठाऊक.

दुपारच्या वेळी कधी न येणारी सलीलची गाडी खाली थांबली. तो आत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातात एक लिफाफा होता. त्यात माझं इथलं ओळखपत्र होतं. सकाळीच मिळालं म्हणे, संध्याकाळी मिठाई घेऊन देणार होता. त्याने तो टीपॉयवर ठेवला आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, मांडी घालून.

‘मी सिग्नलला वाचलं,’ तो म्हणाला. ‘मागचे हॉर्न मारायला लागले.’

‘ते बाबांचं...’ मी म्हटलं.

‘असू दे.’

‘असू दे कसं? मला वाटलं, तू सगळं वाचतोयस आणि गप्प आहेस.’

‘मला वाटलं, तू वाचतेयस आणि गप्प आहेस.’ त्याने चेहरा दोन्ही हातांनी पुसला. ‘आई, तुला तोंडावर विचारलं असतं तर तू माझ्याकडे बघून हो म्हणाली असतीस. माझ्या कॉलेजच्या वेळेपासून तू तेच करत आलीस. म्हणून लिहून विचारलं. म्हटलं, बोर्डवर तरी बिनधास्त नाही म्हणशील.’

 तो मला बरंच ओळखून होता, आणि त्यातच आम्ही दोघं फसलो होतो.

टॅब्लेट माझ्या मांडीवर होता. सलीलने तो घेतला, सेटिंगमध्ये जाऊन आमचा नवा पासवर्ड घातला. ढगावरची रेघ पुन्हा गेली आणि मध्येच एक चौकट आली: ‘या पानाच्या दोन प्रती आहेत. कोणती ठेवायची?’ डावीकडे त्याची प्रत, खाली मंजूर. उजवीकडे माझी, सदर प्रस्तावास माझा आक्षेप आहे. त्याने क्षणभरही विचार केला नाही. माझ्या प्रतीवर बोट ठेवलं. मंजूर नाहीसं झालं.

टीपॉयवरचं ओळखपत्र मात्र तिथेच होतं. तिकीट रद्दच होतं. आणि माझ्या गॅलरीत झबली वाळतच असणार.

उल्का दारात येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. डोळे सुजलेले होते. मी तिला म्हटलं, ‘चहाचं मी रागात लिहिलं गं.’ ती म्हणाली, ‘चहा मला खरंच जमत नाही, आई.’ आणि तशीच दाराला टेकून उभी राहिली.

‘मी त्या लोकांना घर सोडायला सांगतो,’ सलील म्हणाला. ‘राजनला आत्ता फोन लावतो.’

‘तान्हं बाळ आहे त्यांना,’ मी म्हटलं. ‘आणि करारावर सही झालीय. माझ्या वतीने झालीय. मी जन्मभर लोकांना सह्या पाळायला लावल्या.’

‘मग राजनकडे राहशील?’

‘पाहुणी म्हणूनच राहायचं तर इथे काय वाईट आहे?’

 तो खाली बघत म्हणाला, ‘आई, लिहू नकोस आता. तोंडी सांग. काय पाहिजे तुला?’

आयुष्यभर मी गाऱ्हाणी ऐकणारी होते, टेबलाच्या पलीकडे, चष्म्यावरून बघत. आता सांगायची पाळी माझी होती. त्याच्याकडे बघितलं की ‘काही नको रे, मी आहे मजेत’ हे ओठांवर येत होतं, अगदी तो म्हणाला तसं. म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही. बंद काचेकडे बघून बोलले.

‘मला माझ्या घरी जायचंय. अकरा महिने मी इथे राहीन, कारण मला दुसरी जागा नाही. रोज एक खिडकी उघडी ठेवीन. पण अकरा महिने संपले की एक दिवस जास्त नाही. ऐकलंस?’

‘ऐकलं.’

‘काय ऐकलंस?’

‘पुढच्या मे महिन्यात आई घरी.’

‘तू?’ मी उल्काला विचारलं.

‘पुढच्या मे महिन्यात आई घरी,’ ती म्हणाली, आणि जाऊन खिडकीची कडी काढली. गरम वाफेसारखी हवा आत आली, गाड्यांचा आवाज आला, लांबून कुणीतरी कुणाला ‘यल्ला, यल्ला’, चल, चल, म्हणून हाक मारत होतं.

सलीलचा हात सवयीने खिशाकडे गेला. फोन काढून त्याने अंगठा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

‘लिहून ठेवू?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘लक्षात ठेव.’